लुळ्या हाताला आमवात का झाला नाही?

रानजाई (सोमवार, रात्री ९.४०)

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. माझी आजी, म्हणजे आईची आई, सांगलीजवळच्या गावात राहायची. पन्नाशीत तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय पुढे थोडा सुधारला, काठी घेऊन चालायची, पण हात लुळाच राहिला. त्यानंतर पाचसहा वर्षांनी तिला आमवात धरला, मिरजेच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं आरए फॅक्टर पॉझिटिव्ह वगैरे. आता गंमत बघा, उजव्या हाताची पेरं सुजून सुपारीएवढी झाली, बोटं करंगळीकडे वाकली, आणि डावा हात जो मांडीवर नुसता पडून असायचा तो शेवटपर्यंत तसाच गुळगुळीत, एका लहान मुलीसारखा. बांगड्या भरायला कासारीण यायची ती उजव्या हाताला साबण लावलावून थकायची, डाव्यात मात्र सर्रकन जायच्या. आजी म्हणायची, मेलेल्या हाताला दुखणं पण विचारत नाही गं.

लहानपणी काही वाटलं नाही पण आता वाटतं की आमवात हा रक्तातला आजार ना? रक्त तर दोन्ही हातात तेच खेळतंय. मग डाव्या हाताला का सोडलं? इथे डॉक्टर लोक आहेत, लॅबवाले आहेत, जरा सांगाल का. गूगल केलं तर मला थेट फेसमसाजची जाहिरात आली.

साधासुधा (सोमवार, रात्री १०.०५)

सोपं आहे ताई. जो हात वापरात नाही तो झिजणार कसा? बैलगाडीचं चाक फिरलंच नाही तर धाव कशाला झिजेल. उजव्या हाताने आजींनी सगळी कामं ओढली, डबल लोड पडला, तो गेला.

ओपीडीतून (सोमवार, रात्री ११.३०)

@साधासुधा, झीज म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, उतारवयात गुडघे जातात तो. आमवात वेगळा. त्यात आपल्याच पांढऱ्या पेशी सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जातात, अस्तर फुगतं आणि मग ते कूर्चा आणि हाड खात सुटतं. त्यामुळे नुसत्या चाकाच्या हिशोबाने भागत नाही, तरी वापराचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही, हालचालीने सुजलेला सांधा जास्त बिघडतो हे खरंच आहे.

पण रानजाई, तुमच्या आजींचं जे झालं ते डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. १९६२ साली थॉम्पसन आणि बायवॉटर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी नेमकं हेच लिहून ठेवलंय, आधी अर्धांगवायू, मग आमवात, आणि आमवात फक्त धडधाकट बाजूला. पोलिओने लुळ्या पडलेल्या पायातही असं दिसलेलं आहे. एमडीला असताना आमच्या सरांनी वॉर्डात एक पेशंट दाखवून हाच प्रश्न विचारला होता आणि आम्ही सगळ्यांनी साधासुधा यांचंच उत्तर दिलं होतं :)

खडूस_काका (मंगळवार, सकाळी ७.१५)

एका आजीवरून सिद्धांत नको. माझ्या काकूंना एकाच गुडघ्यात दुखायचं, त्यांना कुठे अर्धांगवायू होता? पण १९६२ चा दाखला आहे म्हणता तर ऐकतो. पुढे बोला. फक्त "सगळं मनात असतं" इथवर गाडी आली की मी उतरणार.

टी_पेशी (मंगळवार, सकाळी ८.५०)

अरे वा, माझ्या कामाच्या जवळचा धागा! मी अशाच लॅबमध्ये आहे, उंदीर आणि पाणथरी यांच्यात दिवस जातो. (पाणथरी म्हणजे प्लीहा, हिवतापात सुजते ती, आजीच्या तोंडचा शब्द आहे म्हणून आवडतो.)

काकांसाठी आधी मन बाजूला ठेवू, नुसत्या वायरिंगबद्दल बोलू. एक करून बघा, नखाने हातावर जरा जोरात रेघ ओढा. आधी रेघ लाल होते, मग रेघेच्या दोन्ही बाजूंना, जिथे नख लागलंच नाही तिथेही लाली पसरते, कुणाकुणाला रेघ फुगतेसुद्धा. ही बाजूची लाली कशाने येते? नस करते. वेदनेची नस मेंदूकडे निरोप नेते हे शाळेत शिकलो, पण तोच निरोप तिच्या शेजारच्या फांद्यांमधून उलटा कातडीकडेही येतो आणि तिथे ती सबस्टन्स पी, सीजीआरपी अशी रसायनं सांडते. रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, मास्ट पेशी (सूज आणणाऱ्या रसायनांच्या पिशव्याच) फुटतात, पांढऱ्या पेशी गोळा व्हायला लागतात. लंडनच्या थॉमस लुईस यांनी हे १९२० च्या दशकात तपशिलात मांडलं. त्या जागेची नस कापून ती पूर्ण मरू दिली तर बाजूची लाली येतच नाही.

आणि मिरची! हंगेरीत सेगेडला यान्चो म्हणून शास्त्रज्ञ होते, आपल्या कोल्हापूरसारखा मिरचीचा मुलूख. त्यांनी प्राण्यांना मिरचीतलं कॅप्सायसिन इतकं दिलं की वेदनेच्या नसा थकून गप्पच झाल्या, आणि मग त्या प्राण्यांच्या कातडीला झोंबणारं काहीही लावा, सूज येईना. १९६७ मध्ये त्यांच्या गटाने लिहिलं की ही सूज नसेने केलेली आहे. कॅप्सायसिन ज्या कुलपात बसतं ते ट्रिपव्ही१ शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते तुम्ही वाचलं असेल.

आता सांध्याकडे. १९८४ मध्ये लेव्हिन आणि मंडळींनी उंदरांमध्ये दाखवलं की ज्या सांध्यात सबस्टन्स पी सांडणाऱ्या नसा जास्त, तिथे संधिवात जास्त खवळतो, आणि सबस्टन्स पी वरून घातलं तर आणखीच. म्हणजे रक्त दोन्ही हातात तेच असलं तरी नसेचा पुरवठा कुठे कसा आहे यावर त्या रक्तातल्या पेशी कशा वागतील ते ठरतं. रानजाई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

उरलेलं अर्धं मात्र अवघड, प्रामाणिकपणे सांगतो. अर्धांगवायूत बिघाड वर मेंदूत असतो, हातातली नस तुटलेली नसते, आजींना डाव्या हाताला चिमटा काढला असता तर बहुतेक कळला असता. मग खालची नस शाबूत असून सूज का नाही? वरून येणारा हुकूम बदलला म्हणून, का हात हलत नव्हता म्हणून, का दोन्ही? पोलिओत तर उलट, वेदनेची नस ठणठणीत आणि स्नायू हलवणारी पेशी मेलेली. त्यामुळे साधासुधा यांचं बैलगाडीचं चाक मी पूर्ण फेकून देणार नाही.

चकली (मंगळवार, सकाळी १०.२०)

नवऱ्याच्या पाठीवर नखाने रेघ ओढून बघितली, अगदी दोन्ही बाजूंना लाल झालं!!! त्याने विचारलं काय चाललंय, म्हटलं धागा वाचतेय. उगाच पाठीवर माझं नाव पण लिहून बघितलं, ते पण उमटलं. आता ऑफिसला गेलाय.

साधासुधा (मंगळवार, सकाळी १०.३२)

@चकली, शर्ट काढायची वेळ येऊ नये म्हणजे झालं.

बाकी टी_पेशी, चाक वाचवल्याबद्दल आभार _/\_

मंगळवारची_गोळी (मंगळवार, दुपारी २.४५)

आयडीवरून कळलं असेल, मी आमवातवाली. अकरा वर्षं झाली, दर मंगळवारी मेथोट्रेक्सेट आणि बुधवारी मळमळ. हा धागा वाचला आणि जरा भीत भीत लिहितेय कारण हा विषय निघाला की पुढचं वाक्य मला पाठ आहे, "तू टेन्शन घेतेस ना, म्हणून झालं". सासूबाईंनी म्हटलं, शेजारच्या काकूंनी म्हटलं, आणि एका डॉक्टरांनी पण म्हटलं, तपासायच्या आधीच, मी खुर्चीत बसत होते आणि ते म्हणाले टेन्शन घेता का. नंतर आठ महिने कुणी रक्तच तपासलं नाही, नुसत्या झोपेच्या गोळ्या. तोवर दोन बोटं वाकली ती वाकलीच.

म्हणून विचारते, मज्जासंस्थेने पांढऱ्या पेशी भडकतात म्हणजे शेवटी तेच ना? माझ्याच डोक्याने माझे सांधे खाल्ले?

ओपीडीतून (मंगळवार, रात्री १०.१०)

नाही हो ताई. आणि त्या आठ महिन्यांबद्दल एक डॉक्टर म्हणून मला वाईट वाटलं, सहा आठवड्यांच्या वर बोटांचे सांधे सुजलेले असतील आणि सकाळी मूठ वळत नसेल तर आधी रक्त आणि एक्स-रे, बाकी गप्पा नंतर.

तुमच्याच आजारातलं उदाहरण देतो. सकाळीच सांधे का ताठतात, संध्याकाळी का नाही? मेंदूच्या तळाशी एक घड्याळ आहे, ते पिच्युटरीला आणि पिच्युटरी अ‍ॅड्रेनल ग्रंथीला हुकूम देते, त्यातून कॉर्टिसॉल सुटतं. रात्रीच्या पहिल्या भागात ते सगळ्यात कमी, पहाटे वाढायला लागतं आणि उठण्याच्या सुमाराला टोक गाठतं. कॉर्टिसॉल हा पांढऱ्या पेशींचा मोठा लगाम. रात्री लगाम सैल, पेशींना रान मोकळं, आयएल-६ सारखी सूज आणणारी रसायनं पहाटे चढलेली असतात, आणि तुम्ही उठता तेव्हा मूठ वळत नाही. रात्री दहाला घ्यायची पण आत पहाटे दोनच्या सुमाराला सुटणारी प्रेडनिसोनची (कॉर्टिसॉलसारख्या स्टिरॉइडची) गोळी याच हिशोबाने काढली, २००८ च्या चाचणीत तिने सकाळचा ताठरपणा नेहमीच्या सकाळच्या गोळीपेक्षा कमी केला होता. औषध तेच आणि डोसही तोच, फक्त वेळ घड्याळाची. यात तुम्ही टेन्शन घेता की नाही याचा काय संबंध? हृदयाचे ठोके पण मज्जासंस्थाच कमीजास्त करते, म्हणून कुणी "तूच ठोके वाढवलेस" म्हणत नाही.

हे सगळं स्टिरॉइडचं प्रकरणही आमवातातूनच सुरू झालं. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका आमवाताच्या बाईला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिलं, काही दिवसांत ती चालायला लागली, आणि १९५० मध्ये त्यांना, केंडॉल आणि राइकश्टाइन यांना नोबेल मिळालं. नंतर दुष्परिणाम कळले ती वेगळी गोष्ट. गोळ्या कुणी स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका, स्टिरॉइड तर अजिबातच नाही.

श्वासोच्छ्वास (बुधवार, सकाळी ५.३५)

सर्वांना सुप्रभात. आपल्या ऋषीमुनींना हे सगळं हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं. प्राणायामाने मन शांत होतं, वॅगस नर्व्ह जागृत होते आणि प्रतिकारशक्ती वाढते. रोज वीस मिनिटं अनुलोमविलोम, कुठलाही आजार जवळ येणार नाही. मी नऊ वर्षं एकही गोळी घेतलेली नाही.

खडूस_काका (बुधवार, सकाळी ७.०५)

आली का गाडी तिथे. उतरतो मी.

टी_पेशी (बुधवार, सकाळी ९.१५)

काका बसा हो, उतरू नका.

@श्वासोच्छ्वास, प्राणायाम जरूर करा, मी पण करतो (जमेल तेव्हा). पण दोन गोष्टी. एक, "प्रतिकारशक्ती वाढते" हे ऐकून मंगळवारची_गोळी ताईंना काय वाटेल? त्यांची प्रतिकारशक्ती तर चुकीच्या घरात घुसून बसलीय, ती वाढून कसं चालेल.

दुसरी जास्त मजेची. श्वासाचा असा एक नीट प्रयोग झालाय, नेदरलँड्समध्ये नाइमेखनला, २०१४ मध्ये छापला गेला. विम हॉफ म्हणून बर्फात बसणारे गृहस्थ आहेत, त्यांची पद्धत १२ तरुणांना शिकवली, १२ जणांना नाही, आणि मग सगळ्यांना ई. कोलाय जिवाणूच्या भिंतीतलं विष थोडं शिरेतून टोचलं. त्याने ताप, थंडी, डोकेदुखी येते. शिकवलेल्यांना त्रास कमी झाला, टीएनएफ आणि आयएल-६ ही सूज आणणारी रसायनं कमी, आणि सूज शमवणारं आयएल-१० जास्त. पण कशामुळे? त्यांचं मन शांत झालं म्हणून नव्हे! तो श्वास भराभर घ्यायचा आणि मग रोखायचा असा, त्याने त्यांच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन भसकन वाढलं होतं. म्हणजे आपण ज्याला स्ट्रेस हॉर्मोन म्हणून शिव्या घालतो त्यानेच पांढऱ्या पेशींना आवरलं.

आणि हा प्रयोग धडधाकट तरुणांवर एका दिवसाचा होता, आमवातावर नाही.

अ‍ॅड्रेनालिनचं असंच आहे, थोडा वेळ आणि खूप वेळ यात जमीनअस्मानाचा फरक. तीन जिने धावत चढून लगेच रक्त द्या, पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला येईल, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या पेशी अ‍ॅड्रेनालिन लागताच प्रवाहात उतरतात, एनके पेशी तर सगळ्यात आधी. नव्या तयार झाल्या नाहीत, फक्त बाकावरून उठल्या. फिरदौस धाभर यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मॅकइवन यांच्याबरोबर उंदरांवर दाखवलं की थोड्या वेळाचा ताण कातडीतला प्रतिकार उलट जोरात करतो आणि आठवडेच्या आठवडे चाललेला ताण तोच प्रतिकार दाबतो.

लांबलेल्या ताणाचं माणसातलं काम बघायचं तर ओहायोच्या कीकोल्ट-ग्लेझर बाई आणि त्यांचे पती ग्लेझर. १९९५ मध्ये त्यांनी घरी स्मृतिभ्रंशाच्या माणसाची सेवा करणाऱ्या १३ बायका घेतल्या आणि वयाने जुळणाऱ्या १३ दुसऱ्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. सेवा करणाऱ्यांची भरायला सरासरी ४९ दिवस लागले, बाकीच्यांची ३९. मग १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला सुट्टीत एक आणि परीक्षेच्या तोंडावर एक अशी जखम केली, परीक्षेची ४० टक्के उशिरा भरली. जखम भरायला आधी पांढऱ्या पेशी तिथे पोचून साफसफाई करायला लागतात, ते काम रेंगाळलं.

चकली (बुधवार, सकाळी ११.००)

४९ दिवस वाचून पोटात कालवलं. माझी आई सहा वर्षं बाबांचं करतेय, तिच्या पायाला खरचटलेलं महिना महिना राहतं. मला वाटायचं शुगर. (शुगर तपासली, नाहीये.)

ओपीडीतून (बुधवार, दुपारी १.२०)

@चकली, तरी पायाची जखम महिनाभर राहत असेल तर एकदा दाखवाच, पायातलं रक्ताभिसरण पण बघायला लागतं. आणि आईला आठवड्यातून दोन दुपारी सुट्टी मिळेल असं काही जमतंय का बघा, हे औषध मी लिहून देऊ शकत नाही.

खडूस_काका (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

बरं बसलो. आकडे दिले की मी ऐकतो. १३ आणि ११ हे आकडे लहान आहेत हे मात्र नोंदवून ठेवतो.

आता ती वॅगस नर्व्ह सांगा. माझ्या मोबाईलवर रोज कुणीतरी कानाला क्लिप लावून किंवा बर्फात तोंड बुडवून "वॅगस रीसेट" करतंय. नातीने माझ्यासाठी पण असलं यंत्र मागवायचं ठरवलंय. लुबाडणूक आहे ना?

टी_पेशी (बुधवार, रात्री ९.५५)

काका, यात थोडं खरं आहे आणि त्याच्यावर भरपूर फेस आहे. मोठं लिहितो, चहा घेऊन बसा.

न्यूयॉर्कजवळ केव्हिन ट्रेसी म्हणून न्यूरोसर्जन आहेत. ते सूज कमी करणारं एक औषध उंदरांच्या मेंदूत टोचून बघत होते, मेंदूतली सूज कमी होते का म्हणून. झालं असं की मेंदूत टिपूसभर औषध, आणि टीएनएफ कमी झालं अख्ख्या शरीरात. आधी वाटलं पिच्युटरीतून काही हॉर्मोन सुटत असेल, पण तसं नव्हतं. मानेतली वॅगस नस (मेंदूतून छाती-पोटापर्यंत जाणारी) कापली आणि परिणाम गायब! मग उलट केलं, औषध नाहीच, नुसती वॅगसला वीज दिली, टीएनएफ खाली. हे २००० मध्ये नेचरमध्ये आलं. २००३ मध्ये भक्षक पेशींवरचं ते कुलूप सापडलं ज्यात नसेचा निरोप नेणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन बसलं की टीएनएफ थांबतं, अल्फा ७ निकोटिनिक रिसेप्टर.

इथे एक घोळ होता, आणि माझा आवडता भाग हाच. हे सगळं घडतं पाणथरीत, पण पाणथरीत जी नस जाते ती अ‍ॅसिटिलकोलीन सोडतच नाही, ती नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडते. मग अ‍ॅसिटिलकोलीन आणलं कुणी? २०११ मध्ये उत्तर आलं, टी पेशींनी! पाणथरीतल्या काही टी पेशी नॉरअ‍ॅड्रेनालिन लागलं की स्वतः अ‍ॅसिटिलकोलीन बनवून शेजारच्या भक्षक पेशीला देतात. म्हणजे पांढरी पेशी चक्क नसेचं काम करते, अर्ध्या वाटेवरून टपाल पुढे नेते. मी या आयडीचं नाव त्यावरूनच घेतलंय.

आता भांडण. मेलबर्नचे मॅकअ‍ॅलन म्हणतात की वॅगस पाणथरीच्या त्या नसेला जोडलेलीच नाही, शरीर स्वतःहून सूज आवरतं ते स्प्लँक्निक नावाच्या वेगळ्या, सिंपथेटिक (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या) नसांमधून, त्या कापल्या की उंदरांमध्ये टीएनएफ भडकतं आणि वॅगस कापून तसं होत नाही. दोन्हीकडे प्रयोग आहेत. माझं वैयक्तिक मत, वीज दिल्यावर वॅगसने काय करता येतं आणि शरीर रोज काय करतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोकांनी ते एकात कालवलेत.

काकांच्या क्लिपपेक्षा खरी गोष्ट ऑपरेशनची आहे. अपस्मारासाठी वॅगसला वीज देणारं यंत्र अमेरिकेत १९९७ पासून मान्य आहे. तसलं यंत्र आमवाताच्या १७ पेशंटना बसवून बघितलं, २०१६ मध्ये छापलं, चालू असताना टीएनएफ कमी आणि सांधे बरे, दोन आठवडे बंद ठेवलं तर पुन्हा वर, चालू केलं की खाली. मग मोठी चाचणी, २४२ पेशंट, सगळ्यांना मानेत गोळीएवढं यंत्र, पण निम्म्यांचंच चालू. दिवसातून एक मिनिट वीज. तीन महिन्यांनी ठरलेल्या मापाने सुधारलेले, चालू असलेल्यांत साधारण ३५ टक्के आणि बंद असलेल्यांत २४ टक्के. त्यावर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते मान्य केलं, तेही ज्यांना महागडी बायोलॉजिक औषधं लागू पडली नाहीत किंवा सोसली नाहीत अशांसाठी.

खडूस_काका (बुधवार, रात्री १०.२०)

३५ आणि २४. म्हणजे बंद यंत्र मानेत घालून पण चारातला एक सुधारला.

टी_पेशी (बुधवार, रात्री १०.३१)

हो. काका, तुम्ही रिव्ह्यूअर व्हायला हवं होतं. बंद यंत्रानेही फरक पडला यात आजाराची आपोआपची चढउतार आली, चालू असलेली औषधं आली, आणि अपेक्षा पण आली. अपेक्षेवरून एक जुनी गोष्ट सांगून झोपतो.

१९७० च्या दशकात रॉचेस्टरला रॉबर्ट एडर नावाचे मानसशास्त्रज्ञ उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी द्यायचे आणि लगेच पोट ढवळणारं औषध टोचायचे. उंदीर शिकायचे, गोड म्हणजे मळमळ, आणि पाण्याकडे बघेनात. मग औषध बंद, नुसतं गोड पाणी देत राहिले, किती दिवसांत विसरतात बघायला. तर उंदीर मरायला लागले! ज्याने सुरुवातीला जास्त गोड प्यालं तो जास्त मरायचा. ते औषध होतं सायक्लोफॉस्फमाइड, ते पांढऱ्या पेशी पण दाबतं. एडर यांना शंका आली की शरीराने मळमळीबरोबर पेशी दाबणंही पाठ केलं. रोगप्रतिकारशास्त्रवाले निकोलस कोहेन यांना सोबत घेऊन नीट प्रयोग केला, १९७५ मध्ये छापला, नुसत्या गोड पाण्याने उंदरांच्या अँटिबॉडी कमी झाल्या. लोकांनी आधी वेड्यात काढलं होतं. आता जर्मनीत एसेनला किडनी बदललेल्या पेशंटना औषधाबरोबर एक विचित्र हिरवं, लॅव्हेंडरच्या वासाचं पेय पाजून हेच शिकवून बघितलंय, औषधाला जोड म्हणून.

मंगळवारची_गोळी (बुधवार, रात्री ११.१५)

अय्या. मला मेथोट्रेक्सेटचा डबा उघडला की मळमळतं, गोळी पोटात जायच्या आधीच. पिवळा रंग बघून. मी नवऱ्याला सांगायचे तर तो हसायचा.

ओपीडीतून (गुरुवार, सकाळी ७.५०)

हे बऱ्याच पेशंटना होतं, तुमच्या नवऱ्याला हा धागा दाखवा. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा, इंजेक्शनचा पर्याय असतो, फॉलिक अ‍ॅसिड नीट चालू आहे का तेही बघतील.

एक राहिलं, कारण धागा अर्धांगवायूवरून सुरू झालाय आणि कुणाच्या घरी असा पेशंट असू शकतो. मेंदूचा झटका आल्यावर पहिल्या काही दिवसांत न्यूमोनिया फार होतो. घास चुकीच्या नळीत जातो हे एक कारण. दुसरं हेच, मेंदूला इजा झाली की सिंपथेटिक नसा आणि कॉर्टिसॉल दोन्ही एकदम उसळतात आणि पांढऱ्या पेशी दबतात. बर्लिनच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की उंदरांना झटका दिल्यावर लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) धाडकन पडतात आणि जंतुसंसर्ग होतो, पण प्रोप्रानोलोल देऊन त्या नसांचा आवाज बंद केला तर संसर्ग टळतो. माणसात इतकं सरळ निघालेलं नाही, आधीच अँटिबायोटिक देऊन ठेवायची मोठी चाचणी झाली तिचाही पेशंट बरे होण्याच्या दृष्टीने फायदा दिसला नाही. म्हणून घरच्यांनी एवढं बघा, गिळता येतंय का याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाणीसुद्धा नाही, भरवताना बसवून, आणि दात घासणं रोज. "थोडा चहा पाजू दे बिचारीला" यातून गेलेली माणसं मी बघितलीत.

साधासुधा (गुरुवार, सकाळी ९.०५)

पाणथरी काढलेल्या माणसाचं मग काय? माझ्या मामांची अपघातात फुटली म्हणून काढली. त्यांचं टपाल कोण नेतं?

टी_पेशी (गुरुवार, सकाळी ९.४०)

चांगला प्रश्न. उंदरांची पाणथरी काढली तर वॅगसला वीज देऊनही टीएनएफवर फारसा फरक पडत नाही. पण नसा फक्त तिथेच जातात असं नाही, अस्थिमज्जा, लसिका ग्रंथी, आतडं, सगळीकडे आहेत. १९८० च्या दशकात डेव्हिड फेल्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइटना अगदी खेटून गेलेले नसेचे धागे बघितले तेव्हापासून हे सगळं सुरू झालंय. मामांना न्यूमोकोकसची लस दिलीय ना ते विचारा, ते जास्त महत्त्वाचं.

श्वासोच्छ्वास (गुरुवार, सकाळी १०.१५)

अ‍ॅड्रेनालिनचं माहीत नव्हतं. नऊ वर्षांत एकही गोळी नाही म्हणालो ते तितकंसं खरं नाही, बीपीची चालू आहे.

खडूस_काका (गुरुवार, सकाळी १०.१८)

शाब्बास. चहा माझ्याकडून.

रानजाई (गुरुवार, रात्री ९.१०)

केवढा मोठा झाला धागा! सगळ्यांचे आभार, दोनदा वाचला. आज आईला फोन केला आणि टी_पेशी यांचा चिमट्याचा प्रश्न विचारला, आजीला डाव्या हाताला कळायचं का म्हणून. आई म्हणाली, कळायचं तर. चुलीपाशी बसली की डावा हात ती उजव्याने उचलून पदरात गुंडाळून ठेवायची, चटका बसतो म्हणायची. म्हणजे वेदनेची नस जागी होती, तरी सांधे वाचले. हे तुमच्या अवघड अर्ध्यात घाला.

मग मी बांगड्यांचं विचारलं तर आई थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, शेवटी शेवटी उजव्यात काही चढेना म्हणून सगळ्या डाव्यात घातल्या होत्या, दोन पाटल्या आणि काचेच्या डझनभर. उजवा हात कामाचा, तो मोकळा. कासारणीला आजीने सांगितलं होतं म्हणे, आता याला काही काम नाही, निदान नटू दे.